स्वयंपाकघर नसलेलं घर

"आई, ही जागा बघ. मस्त किचन आहे. गॅस, ओव्हन, फ्रिज, सगळं आहे. आपण आपलं करून खायचं," लेक फोनवर म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

लेक आणि जावई गेली काही वर्षं जोहान्सबर्गला असतात. जावई तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आम्हा दोघांना तिकडे बोलवायचं कधीपासून चाललं होतं. अखेर मागच्या वर्षी मुहूर्त निघाला तो भाताची लावणी आटपल्यावरचा आणि गणपतीच्या आधीचा. त्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर पाऊस आणि चिखल, त्यामुळे पाहुण्यांची वर्दळ कमी. तिकडे मात्र कोरडी थंडी आणि लख्ख ऊन. आधी लेकीच्या घरी राहायचं आणि मग चार दिवस डोंगरपायथ्याच्या गवताळ मुलखात कुठेतरी निवांत पडायचं, असा बेत होता. जागा कुठली घ्यायची एवढंच ठरायचं होतं.

तिकडच्या खेड्यापाड्यांत पद्धतच तशी आहे म्हणे. अख्खं घर तुमच्या ताब्यात देतात, रांधायचं तुमचं तुम्ही. लेकीने निवडून पाठवलेल्या सगळ्या जागा तशाच होत्या. आमच्या ह्यांना तर आनंदच झाला. "झालं की मग! भात-आमटीचा प्रश्न मिटला. कुकर आपला घेऊन जाऊ. तांदूळ घरचा हाय, कोकमं टाक पिशवीत."

मी म्हटलं, "मला स्वयंपाकघर नसलेलं घर पाहिजे."

लेकीला वाटलं, रेंज गेली. "आई, ऐकू येतंय का?"

"मला येतंय. तुम्हाला येतंय का?"

आता हे सगळ्यांना विचित्र का वाटलं, ते सांगायला हवं. बोर्लीवरून समुद्राकडे जाताना आमची नारळी-पोफळीची वाडी लागते. फाटकावर पाटी आहे, 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय'. पाटी ह्यांनी रंगवली, सोय मी करते. सकाळचे घावने-चटणी, दुपारचं माशाचं जेवण, संध्याकाळची भजी, रात्री कुणाला तरी ऐन वेळी सुचलेले मोदक. पाहुणे जाताना हात जोडून म्हणतात, "काकू, अगदी घरच्यासारखं वाटलं." मी हसते. मनात म्हणते, तुम्हाला वाटलं असेल. मी घरीच होते, मला माहीत आहे घरी कसं वाटतं ते.

सीझनला खोल्या कमी पडतात, मग आम्ही आमचीही खोली देऊन टाकतो आणि स्वयंपाकघरात गोधड्या पसरून झोपतो. आमच्याकडे सगळेच असं करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण मागची खोली मी हौसेने बांधून घेतली होती. गवंड्याच्या पाठीस लागून तिची खिडकी मुद्दाम खाली घ्यायला लावली, म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या पोफळींचे बुंधे दिसावेत, वाऱ्यावर झावळ्या हललेल्या दिसाव्यात. सगळे पाहुणे आधी तीच मागतात. तिच्या चादरी मी शेकडो वेळा बदलल्या असतील. त्या अंथरुणावर आडवी मात्र मी एकदाही झाले नव्हते.

म्हणून त्या चार दिवसांसाठी मी हटून बसले. मला कुणाच्या तरी घरी पाहुणी व्हायचं होतं. आयुष्यात एकदा, अगदी पाटी वाचून आत येतात तशी.

जागा शोधायचं काम मी लेकीकडून काढून घेतलं. दुपारी भांडी आवरली की पडवीत चष्मा लावून बसायचं आणि फोनवर फोटो बघायचे. ह्या धंद्यातली असल्यामुळे मला फोटो फसवत नाहीत. खोली मोठी दिसावी म्हणून दारात उभं राहून, कोपऱ्यातून फोटो काढलाय, हे मी लगेच ओळखते. मीही तसाच काढते. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला असेल तर टॉवेल जुना असतो. आणि ज्या जागेच्या माहितीत 'घरच्यासारखं' असं लिहिलेलं दिसलं ती मी तिथल्या तिथे बाद केली. लेक कंटाळली. "आई, अगं असं सगळेच लिहितात!"

"लिहिणारच. मीपण लिहिते."

ह्यांना एका अभयारण्याशेजारची जागा आवडली. "अगं, लोकं तिकडं सिंह बघायला जातात. आपण काय गवत बघायचं?"

"सिंह बघायला पहाटे उठून जीपमधे बसाय लागतं. मी पहाटे उठणार न्हाय. तुम्ही जा, मला येऊन सांगा कसा होता."

मग हे रुसले. रुसून बोर्लीला बाजारात गेले आणि येताना नवा, छोटा कुकर घेऊन आले. तो त्यांनी स्वेटरात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला. मी काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत. पुन्हा काढला आणि माळ्यावर टाकला, शिडी शेजाऱ्यांकडे देऊन आले.

शेजारच्या घरात माझी मोठी जाऊ राहते. आम्ही नसताना वाडी आणि चुकूनमाकून येणारे पाहुणे ती बघणार होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "जातेस तर जा. पण तुला न्हाय जमायचं बसून खायाला. दुसऱ्या दिशी त्यांची भांडी घाशीत बसशील, बघ."

ते मला फार लागलं. कारण मलाही तीच भीती होती.

अखेर एक जागा सापडली. डोंगराच्या कुशीत गवताने शाकारलेल्या चार-पाच गोल खोल्या, जेवण मालकिणीच्या घरी. फोटोत हंस नव्हता. खिडकी खाली होती. मी लेकीला म्हटलं, लाव फोन, मी बोलते. पाहुण्यांशी बोलून बोलून माझं इंग्रजी गाडी ढकलण्यापुरतं झालं आहे. मालकीण चांगली मोकळी वाटली. म्हणाली, इंडियन पाहुणे नेहमी माझं स्वयंपाकघर वापरायला मागतात, तुम्हीही खुशाल वापरा. मी म्हटलं, "नो. किचन नो." ती जी हसायला लागली ती थांबेचना. मी लगेच जागा पक्की करायला लावली.

लेकीकडचे दिवस संपल्यावर तिने आणि जावयाने आम्हा दोघांना संध्याकाळी तिथे आणून सोडलं. चहूकडे वाळलेलं पिवळं गवत, वर निळसर डोंगर, आणि हाडं गोठवणारी थंडी. मालकीण माझ्याच वयाची, तिथल्या सोथो जमातीची बाई, खांद्यावर जाड ब्लँकेट पांघरलेली. तिने भोपळ्याची भाजी, कोंबडी आणि मक्याची घट्ट उकड वाढली. ह्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग ती उकड तीनदा मागून घेतली.

सकाळी मला नेहमीच्या वेळी जाग आली. पडून राहायचं, असं मी मनाशी शंभरदा ठरवलं होतं. पण हात ऐकेनात. हे उठून तोंड धुवायला गेले तेवढ्यात मी चादरी ओढून घड्या घातल्या, उशा झटकल्या, कोपऱ्यात झाडू दिसला त्याने खोली झाडून काढली. बेसिन पुसलं. रात्रीचे कप उचलले आणि विसळायला म्हणून मालकिणीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तेव्हा कुठे मला जावेचे शब्द आठवले. एवढ्या लांब, विमानात बसून, मी भांडी घासायलाच आले होते. मला खरंच रडू आलं.

मालकीण चुलीपाशी होती. तिने माझ्या हातातले कप पाहिले, डोळे पाहिले, आणि कप काढून घेतले. मग मला खुर्चीत बसवून चहा दिला. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझ्याही घरी असे पाहुणे येतात, मीही तुझ्यासारखीच. सहज विचारलं, "सगळ्या खोल्या भरल्या की तू कुठे झोपतेस? इथे, किचनमधे?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. मग तिने माझा हात धरला आणि घरामागे नेलं. तिथे एक गोल खोली होती, फोटोंमधे न दिसलेली. दार उघडलं तर समोर अख्खा डोंगर, त्याच्यावर नुकतं ऊन आलेलं. सगळ्यांत चांगली खोली हीच, हे सांगायची गरजच नव्हती.

"ही माझी," ती म्हणाली. "आधी माझी बांधली. मग पाहुण्यांच्या."

"आणि कुणी मागितली तर?"

"मागतात की," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पुढचे दिवस मी बसून खाल्लं. जमलं. गवत बघितलं, डोंगर बघितला, चहा थंड झाला तर दुसरा मागितला. येताना ह्यांनी मालकिणीला कोकमं दिली; नको म्हटलं तरी आणलीच होती.

घरी पोचले त्याच दिवशी मी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी माझ्या कमरेला अडकवली. ह्यांना आधी वाटलं काही दुरुस्ती काढली आहे. मी सांगितलं, आता ती खोली माझी.

"अगं, येडी झालीस काय? दिवाळीला लोकं तीच खोली मागतात!"

"मागू दे की."

जाऊ कुंपणापलीकडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी येऊन खोलीत डोकावून गेली, आणि खिडकीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली.

दिवाळी आली. घर भरलं. हे स्वयंपाकघरात गोधडी पसरून झोपले, जरा फणकाऱ्यानेच. मी म्हटलं होतं, या तुम्हीही, पलंग मोठा आहे. पण माणसाला रुसायचंच असेल तर काय करणार. सकाळी मला नेहमीच्या वेळी जाग आली. खिडकीत पोफळींचे बुंधे दिसत होते, वर झावळ्या हलत होत्या, अगदी गवंड्याला सांगितलं होतं तशा. हात सवयीने पांघरुणाच्या घडीकडे गेले. मी ते परत आत घेतले.

स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज यायला लागले. मग ह्यांची हाक आली, "अगं, पाहुणे चहा मागतायत. साखरेचा डबा कुठं हाय?"

खालच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे. मी कूस बदलली आणि पोफळींकडे बघत पडून राहिले.