बसच्या रस्त्यावरची वरात

आमच्या वाशीमला मोठ्या शहरांसारखे फक्त बससाठी राखलेले रस्ते नाहीत. असावेत असं कोणाला कधी वाटलंही नव्हतं. पण एका उन्हाळ्यात चौकापासून बसस्थानकाकडे जाणारा रस्ता सिमेंटचा करायला घेतला. अर्धा रस्ता खोदला गेला आणि उरलेल्या अर्ध्यावर एसट्या, ऑटो, मोटारसायकली, हातगाड्या अशा शिरल्या की कोणीच जागचं हलेना. मग एका सकाळी चौकात पिंपं उभी राहिली, त्यांना दोर बांधला गेला आणि शेजारी पाटी लागली: ‘काम पूर्ण होईपर्यंत हा मार्ग फक्त एसटी बस, रुग्णवाहिका व अग्निशामक वाहनांसाठी. इतर सर्व वाहनांस मनाई.’

माझं शिवणकामाचं दुकान त्याच रस्त्याच्या तोंडाशी आहे. शेजारी एका जैन काकांचं कापडाचं दुकान. पाटी वाचून मी डोक्याला हात लावला, काका मात्र खूश झाले. म्हणाले, “बेटा, गाडीवरचा माणूस सरळ पाहतो. पायी चालणारा दुकानात पाहतो.” आणि खरंच, त्या उन्हाळ्यात त्यांच्या दुकानात जास्तच वर्दळ होती.

पाटीशेजारी एका कॉन्स्टेबल बाईंची ड्यूटी लागली. वयानं माझ्याएवढ्याच. भर दुपारी त्या माझ्याकडे पाणी प्यायला यायच्या, पंख्याखाली घटकाभर टेकायच्या आणि बाहेर हॉर्न वाजला की टोपी घालून धावायच्या. महिनाभरात आमचं अहो-जाहो संपलं. तिनं माझ्याकडून दोन ब्लाउज शिवून घेतले, मी तिच्याकडून तिच्या सासरच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या.

तिचं काम पाहण्यासारखं होतं. लोक भांडायला येत नसत, अर्थ लावायला येत. शाळेच्या पिवळ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, ही बी बसच हाये न.” ती म्हणाली, “पाटीवर एसटी लिवलं हाये.” ई-रिक्षावाला म्हणाला, “आपल्या गाडीचा ना आवाज ना धूर.” ती म्हणाली, “मंग फिरून गेला तरी कोनाले त्रास नाई होनार. जा.” एकदा कुठल्याशा साहेबांची पांढरी गाडी आली. ड्रायव्हरनं काच खाली करून मागे बसलेल्या माणसाकडे नुसतं बोट दाखवलं. हिनं पाटीकडे बोट दाखवलं. गाडी फिरून गेली. त्या दिवशी आम्ही चहासोबत भजी मागवली.

पण याच रस्त्यावर, माझ्या दुकानापासून चांगलं दहा मिनिटं चालल्यावर, एक मंगल कार्यालय होतं. आणि तिथं माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं.

कार्यालय हिवाळ्यातच बोलून ठेवलं होतं, तेव्हा रस्ता खोदला जाईल हे कोणाच्या गावी नव्हतं. माझे वडील गावाबाहेर भाजीपाला लावतात: वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यांना दुसरं कार्यालय शोधायला सांगितलं, तर त्या तारखेला अनसिंगपर्यंत एकही रिकामं नव्हतं. कार्यालयाला मागून वाट होती, पण तिथं मोटारसायकलसुद्धा अंग चोरून जायची. वऱ्हाडी चालत येतील, त्यात काही नाही. पण नवरदेव? कामरगावहून फुलं लावलेल्या गाडीतून आलेला नवरदेव चौकात उतरवून उन्हात चालवायचा?

“मी पाह्यतो,” मामा म्हणाले. आमच्या मामांची सगळीकडे ओळख असते. रेल्वेत, कोर्टात, दवाखान्यात. फक्त ऐन वेळी तो ओळखीचा माणूस रजेवर असतो.

मी मनात म्हटलं, मामांची कशाला, माझीच ओळख आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी ती पाणी प्यायला आली तेव्हा मी विषय काढला. “उद्या नवरदेवाची गाडी. एकच. पाच मिनिटांचं काम.”

तिनं ग्लास खाली ठेवला. “तुह्या बहिनीचं लगन हाये, मले मालूम हाये. साडी बी काढून ठेवली म्या. पन गाडी नाई सोडता येनार.”

“एका गाडीनं काय होते वं?”

“एका गाडीनं काईच नाई होत. पन परवा दुसरा नवरदेव आला तर त्याले काय सांगू? का तुही नवरी माह्या मैत्रिनीची बहीन नाई म्हनून?”

मला राग आला. इतका की ती उठून गेली तरी मी मशीनवरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी ओवाळणीचं ताट घेऊन चौकात उभी. मामा फोन कानाला लावून उभे; त्यांचा माणूस फोन उचलत नव्हता. बँडवाले निंबाच्या सावलीत. आणि पाहुण्यांना खूश करण्यासाठी मामांनी परस्पर ठरवलेला एक पांढरा घोडा, झूल घालून, गोंडे हलवत. कामरगावची गाडी आली, मागे दोन जीपा. नवरदेव उतरला. फेटा, शेरवानी, कपाळावर घामाच्या धारा, आणि चेहऱ्यावर ‘आता कुठं?’ असा भाव. मागून त्याची आत्या उतरली. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. पंधरवड्यापूर्वी ओट्यावरून घसरून पडली होती, म्हणून उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

माझ्या मैत्रिणीनं पाहुण्यांना नमस्कार केला आणि पाटी दाखवली.

आत्या म्हणाली, “नवरदेव पायी जात नसते. घोडा हाये न? तो घोड्यावर जाईन.”

“घोडा बी नाई जाऊ शकत, आत्याबाई.”

घोडेवाला पुढं आला. “काहून नाई? पाटीवर वाहन लिवलं हाये. घोडा वाहन हाये काय?”

“कालच बैलगाडी वापस केली म्या.”

“बैलगाडीले चाकं असते मॅडम. याले पाय हायेत. पायदळ जायाले मनाई हाये काय?”

चौकात हशा झाला. ती हसली नाही. तिनं वरच्या साहेबांना फोन लावला आणि आमच्यापासून चार पावलं दूर जाऊन बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेचा पेपर सोपा निघालेल्या मुलीसारखा होता. “साहेब म्हने, ज्याच्यावर मानूस बसते ते वाहन. कोनी बसलं नसन तर ते जनावर. जनावर जाऊ शकते.”

“म्हणजे घोडा जाईल आणि नवरदेव नाही?” मी विचारलं. आदल्या दिवसापासून तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

“नवरदेव पायी जाऊ शकते,” ती म्हणाली.

“आन मी?” आत्यानं प्लास्टरवर काठी आपटली.

मामांना इथं एकदम सुचलं. “अँब्युलन्सले परवानगी हाये! पाटीवरच लिवलं हाये! बोलावू काय? माह्या ओळखीचा...”

“तोंडात माती पडो तुमच्या!” आत्या कडाडली. “पोराच्या लगनाले मी अँब्युलन्समंदी येऊ? लोकं म्हनतीन, म्हातारी गेली!”

मामा निंबाखाली गेले ते बराच वेळ तिथंच राहिले.

मुहूर्त जवळ येत होता. नवरदेवानं मग सरळ आत्याला उचलून घेण्याची तयारी चालवली. शेरवानीच्या बाह्या मागे सारल्या, वाकला, आणि आत्यानं त्याला काठीनं दूर सारलं. तेवढ्यात मागून मोठा हॉर्न वाजला. कारंजाकडून आलेली लाल बस केव्हाची येऊन उभी होती. तिला या रस्त्यानं जाण्याचा पूर्ण हक्क होता, पण पुढं घोडा, बँड आणि अर्धं कामरगाव. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. “काय झालं बाई? जाऊ द्या न.”

खिडकीतून एका म्हातारीनं आमचं सगळं ऐकलेलं दिसलं. ती आतूनच ओरडली, “अवो, त्याले मंदी घ्या न! तवापासून उन्हात काहून उभं केलं पोट्ट्याले?”

मी माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. एसटीत बसलेला माणूस हा प्रवासी. नवरदेव असला तरी प्रवासीच.

“इथं थांबा नाई हो,” कंडक्टर म्हणाला.

“थांबली तर हायेच तुमची गाडी,” ती शांतपणे म्हणाली. “दार उघडायचं का नाई ते तुमी ठरवा. त्याच्यात मी नाई पडत.”

कंडक्टरनं आत पाहिलं, आत्याच्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “तिकीट स्टँडपर्यंतचं लागन.”

आत्याला मी, माझी मैत्रीण आणि जीपमधली एक बाई अशा तिघींनी मिळून वर चढवलं. एका माणसानं उठून तिला जागा दिली. मांडीवरची फायलीची पिशवी त्यानं छातीशी धरली. कोर्टात पेशी होती म्हणाला. मी म्हटलं, “तुम्हाला उशीर होईल.” तो म्हणाला, “झाला तर झाला. तसं बी पुढची तारीखच भेटते.” नवरदेवालाही तीन-चार जणांनी जागा देऊ केली, पण तो दांडा धरून उभाच राहिला, शेरवानी चुरगळेल म्हणून की काय. मीही ताट घेऊन चढले, नाहीतर कार्यालयाच्या दारात ओवाळायचं कशानं?

आणि मग आमचा परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, निघाला. सगळ्यात पुढं बँड, कारण बँडवाले पायी होते आणि पायी चालायला मनाई नव्हती. त्यांच्यामागं तो पांढरा घोडा, पाठीवर कोणी नाही, मान मात्र ताठ. घोड्यामागं लाल बस, बैलाच्या चालीनं. बसच्या दोन्ही बाजूंनी वऱ्हाडी नाचत. ड्रायव्हर सुरुवातीला कपाळाला आठ्या घालून होता. बँडनं दुसरी चाल धरली तसा तो स्टिअरिंगवर बोटं वाजवू लागला. खिडकीतली म्हातारी नवरदेवाला विचारत होती, “काय करतं रे बाप्पा?” “मेडिकल दुकान हाये.” “पोरगी पाह्यली काय नीट?” “पाह्यली.” “मंग घाबरून कायले राह्यला?” “घाबरून नाई राह्यलो, आजी. दांडा गरम हाये.” सगळी बस हसली. आत्यासुद्धा.

मला एकच चिंता होती. कार्यालयापाशी बस थांबवायला सांगायचं कोणी? तिथंही थांबा नव्हता. मी कंडक्टरकडे दोनदा पाहिलं, तो दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहू लागला. पण घोडा आम्हा सर्वांपेक्षा जास्त लग्नांना जाऊन आलेला होता. कमान दिसली, बँड जागच्या जागी वाजू लागला, आणि घोडा आपणहून थांबला. घोडेवाल्यानं लगाम ओढला तरी हलेना. मागं बसही थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “घोडा हटल्याशिवाय मी काय करू? उतरनारे उतरून घ्या.”

दारात आई उभी होती. नवरदेव एसटीच्या पायरीवरून उतरतोय हे पाहून तिनं आधी बसची पाटी वाचली; मी ताट तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं ओवाळलं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून माझी बहीण, मुंडावळ्या बांधलेली, इतकी हसली की तिचं काजळ पुन्हा लावावं लागलं. वडील धावत येऊन बसच्या दारात हात जोडून उभे राहिले. “सगळे उतरा, जेवूनच जा.” कंडक्टर म्हणाला, “ड्यूटी हाये दादा.” पण पेशीवाला उतरला. म्हातारी पण उतरली, तिला वऱ्हाडात पुढची जागा मिळाली, आणि आत्याशी तिचं कुठूनसं नातंही निघालं.

दुपारी, पंगती उठत असताना, माझी मैत्रीण आली. गणवेश बदललेला, साडी नेसलेली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “रागावली काय वं?”

“हाव,” मी म्हटलं.

“अजून?”

मला वरात आठवली, तो ताठ मानेचा रिकामा घोडा आठवला, आणि हसू आवरेना. “बस जेवायला,” मी म्हटलं. ती तीन वाट्या मठ्ठा प्यायली. मामांनी तिची ओळख करून दिली त्यांच्या एका माणसाशी, जो तोवर रजेवरून आला होता.

संध्याकाळी पाठवणी. एरवी कशी असते ती? दारात गाडी लागलेली, इंजिन चालू, मुलगी रडत आत बसते आणि धुरळा उडतो. आमची गाडी मात्र दूर चौकात होती. बहिणीनं शालू वर खोचला आणि चालायला लागली. एका बाजूला आई, एका बाजूला मी, मागून सगळे. आत्यासाठी कार्यालयाची खुर्ची, आणि ती उचलायला चार भाचे. उन्हं उतरली होती. पिंपांपलीकडच्या अर्ध्या रस्त्यावर ओल्या पोत्यांखाली नवं सिमेंट पडलेलं. मध्येच एखादी एसटी यायची, आम्ही कडेला व्हायचो, ती गेली की पुन्हा मधोमध चालायचो.

निघताना आई रडली, पण दहा मिनिटं चालत कोण रडत राहील? थोड्या वेळानं ती कामरगावच्या घरी पाणी कधी येतं ते विचारू लागली. वडील नवरदेवाला वांग्याच्या रोपांबद्दल सांगू लागले. बहिणीनं माझा दंड धरला होता. माझ्या लग्नात ती किती रडली, आणि तिला गाडीत बसू दिलं नाही म्हणून दोन दिवस माझ्याशी कशी बोलली नाही, ते ती सांगत होती. मला तर आठवतही नव्हतं. चौक आला तेव्हा आमचं निम्मंही बोलून झालं नव्हतं.

गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली. “ताई, माह्या हिरव्या साडीले फॉल लावाचा राह्यला. लावून ठेव, रविवारी येतो मी.”

“रविवारी दुकान बंद असते,” मी म्हटलं.

“माह्यासाठी उघडजो,” ती म्हणाली, आणि गाडी कारंजाच्या रस्त्याला लागली.