सगळ्यात उंच

आष्टीजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजीतली तुलनेची विशेषणं शिकवताना मी आठवीच्या तीन मुलींना ओळीनं उभं करायची. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. टोकाची मुलगी मुद्दाम टाचा उंचावायची आणि वर्ग हसायचा.

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. मी घरी गेले, तर तिची आई म्हणाली, "पोरगी सगळ्यायत उंच दिसाले लागली मॅडम, म्हणून उजवली." मी कडाकडा भांडले. पण पोर सासरी पोचली होती.

परीक्षेआधी उजळणीसाठी मी पुन्हा तीन मुलींना उभं केलं. "आता टॉलेस्ट कोण?" आधी मधे असायची ती मुलगी आता टोकाला होती. ती गुडघे वाकवून उभी होती.