सोडा टाकायचा राहिला

त्या दुपारी आम्ही दोघांनी नकली रेशमाच्या लड्या टाकीतल्या डाळिंबी रंगात सोडल्या. मीठ पडलं होतं. राहिला होता सोडा. "आणते की," म्हणून सखू घरात गेली, उंबऱ्यातच बसली, ती उठलीच नाही. माझी बायको. काम अर्धं टाकून बसलेली मी तिला पहिल्यांदा तेव्हाच पाहिली.

आमचं रंगाऱ्याचं काम. सोलापुरात घरामागं पत्रा टाकून दोन टाक्या केल्या होत्या. दुष्काळ सरला आणि कोमट पाण्यात चढणारी रंगाची नवी पुडी बाजारात आली, तेव्हापासून सखू जास्तच पळायला लागली. लड्या टांगलेल्या काठ्या टाकीच्या दोन्ही अंगांनी सारख्या फिरवाव्या लागायच्या, एका अंगाला मी, समोर ती. "मी बसले तर सूत चट्टेरी निघंल," म्हणायची. भाकरीसुद्धा उभ्यानं खायची. मी चिडायचो.

"अगं, पायाला भिंगरी बांधलीय का?"

"तुमी बसा की वो. तुमच्या वाट्याचं बी मीच फिरते."

सूत आलं की त्याचा शेंडा ती चुलीत जाळून बघायची. राख झाली तर घ्यायची. वितळून गोळी झाली तर ते टेरिलिन. त्याला आमची पुडी चढत नाही, म्हणून परत. एका दिवाळीला मी हौसेनं टेरिलिनचा सदरा घेतला. हिनं बाहीचा धागा ओढला आणि जाळला. गोळी! "ह्याला रंग धरायचा न्हाय. घालणाऱ्याचं बी तसंच हाय," म्हणाली. सगळी गल्ली हसली. मी रागानं सदरा पेटीत कोंबला. पाडव्याला तिनंच काढला, इस्त्री करून आणला आणि माझ्या अंगावर फेकला. अशी बाई.

टाकीतलं ते सूत नरसय्याचं. पलीकडच्या गल्लीतला विणकर. त्याचा माग रिकामा पडला होता, घरात चूल एक वेळच पेटत होती. सखूनं त्याला सांगितलं होतं, "उद्या दुपारी घेऊन जा." आणि सोड्याशिवाय हा रंग सुताला धरत नाही, धुतला की पाण्याबरोबर जातो. नकली रेशीम फार भिजलं तर तुटतं.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. घरात मला एका जागी बसवेना.

सकाळी सोड्याचा डबा उचलला, तर धाकटा भाऊ आडवा आला.

"दादा, सुतकात टाकीला हात लावतोस? लोक थुंकतील."

"थुंकू दे. लड्या वाया गेल्या तर नरसय्याची पोरं काय खातील? तिनं शब्द दिलाय."

नरसय्या दारातच उभा होता. "अण्णा, सूत गेलं तर जाऊ दे. मी मागत नाही."

"तू मागत न्हाईस, ठावं हाय मला."

सोडा विरघळवून टाकीत ओतला. आता लड्यांच्या काठ्या दोन्ही अंगांनी फिरवत राहायचं, थांबायचं नाही. नरसय्यानं बाह्या सारल्या आणि समोर जाऊन उभा राहिला.

"तितं नको," मी म्हणालो.

तो बाजूला झाला. मी माझ्या अंगच्या काठ्या फिरवल्या, वळसा घालून तिच्या अंगच्या फिरवल्या, आणि परत माझ्या बाजूला आलो.