एक तुला, नऊ मला

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. चाळीस थर कापड अंथरायचं, खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने एका दमात कापायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. हात असा की एक बाही दुसरीपेक्षा दोराभर कमीजास्त व्हायची नाही. स्वभावही तसाच, आणि तिथेच घोडं अडायचं. एकदा मुकादमाने स्वतःची चूक काजं करणाऱ्या बाईच्या माथी मारली. कटरबाईचं त्यात काही जात नव्हतं. तरी ती सुरी बंद करून थेट मालकापुढे उभी राहिली. काजवाली वाचली, मुकादमाची बदली झाली आणि कटरबाईची ठरलेली बढती गेली. समोरच्याला अद्दल घडत असेल, तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला तिची कधी ना नसे.

हे जन्मापासूनचं. ती आणि तिची धाकटी बहीण जुळ्या, एका साच्यातल्या. नऊ मिनिटांच्या मोठेपणावर ही ताई झालेली. आईचा नियम होता, एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. एकदा धाकटीने पाव कापला आणि मोठा तुकडा सरळ तोंडाला लावला. ताईने तो हिसकावला आणि आपल्या तुकड्यासकट मोरीत टाकला. पुढच्या आठवड्यात ताईने तसाच लबाडपणा केला, तेव्हा धाकटीनेही अगदी तेच केलं. दोन्ही वेळा दोघी उपाशी राहिल्या आणि दोन्ही वेळा आईने कपाळावर हात मारला.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा एक आठवडा हिने, एक तिने बघायचं ठरलं. धाकटीने लागोपाठ चार आठवडे चुकवले. दर वेळी नवी सबब. पाचव्या आठवड्यात एका पहाटे आईचा श्वास बिघडला. डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. ताईने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. एकदा कळू दे तिला, असं मनात आलं. आई दुपारी गेली. धाकटीला फोन संध्याकाळी गेला. त्या दिवसापासून तीन वर्षं दोघींत एक शब्द नव्हता.

आणि आता धाकटी काचेपलीकडे बसली होती. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला जुळी माणसं हवी होती. दोघींनी वेगवेगळे अर्ज भरले होते आणि दुसरी येणार हे ठाऊक असूनही आल्या होत्या. येत्या आठवड्यात धाकटी परदेशी लेकीकडे कायमची जाणार, हे ताईला बाहेरून कळलं होतं. बोलायचं तर आजच. पण जिभेला जणू टाके घातले होते.

“दहा ठोकळे असतील, मागाहून प्रत्येकाचे पैसे मिळतील,” संशोधक डॉक्टरीणबाईंनी समजावलं. “समोरचा वाटणी सुचवेल. तुम्ही हो म्हणालात तर तसे वाटले जातील, नाही म्हणालात तर दोघांनाही काही मिळणार नाही. वाटणी अन्यायाची असली की मेंदूतली एक जागा चेतते. कुजकट वासाने चेतते तीच. लोक नुकसान सोसून नाही म्हणतात. हे रक्तातून किती येतं आणि घरातून किती, ते जुळ्यांवरून थोडंफार कळतं.”

“बरं,” कटरबाई म्हणाली.

“आणि अद्दल घडवताना काही जणांत सुखाची जागाही जागी होते.”

कटरबाईला आईची ती पहाट आठवली. त्या दिवशी फोन खाली ठेवताना बरं वाटलं होतं. आई घरघरत होती आणि तिला बरं वाटलं होतं. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात मोठं चुंबक होतं, म्हणून धातू काढून ठेवायचा होता. तिने घड्याळ काढलं, केसांतले चाप काढले. तंत्रज्ञ तिला आत नेणार तेवढ्यात काचेपलीकडून आवाज आला.

“तिची कॉलर बघा. टाचणी असेल.”

तंत्रज्ञाने कॉलर उलटली. खरंच टाचणी होती. कापताना खोचायची आणि विसरायची, ही सव्वीस वर्षांची खोड. ताईने काचेकडे पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत होती.

आत डोकं पट्ट्यांनी बांधलं. यंत्र धडधडायला लागलं. हाताखाली दोन बटणं होती, उजवं हो, डावं नाही. आधी अनोळखी माणसांचे डाव झाले. कोणी दोन ठोकळे दिले, कोणी तीन, आणि तिने सगळे फेटाळले. मग पडद्यावर अक्षरं आली: आता वाटणी तुमची बहीण करेल.

पाच तुला, पाच मला. तिने हो म्हटलं. पुन्हा पाच-पाच. शेवटच्या डावाला पडदा बराच वेळ कोराच राहिला.

एक तुला, नऊ मला.

बोट आपोआप डाव्या बटणावर गेलं. आठ सेकंद होते. चार आठवडे बुडवणारी, आणि वर नऊ मागते. सात, सहा. मग तिला तो कोरा पडदा, धाकटीने घेतलेला तो वेळ आठवला. धाकटीने आकडा हिशेबाने टाकलेला नव्हता, दुखावल्या मनाने टाकला होता. तीन. दोन. ताईने उजवं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने लहान तुकडा घेतला.

बाहेर आली तेव्हा धाकटी दारातच उभी होती, पांढरीफटक.

“का घेतलास? तू फेकशील म्हणून दिला होता.”

“मला पहाटे कळलं होतं,” ताई म्हणाली. “फोन हातात होता. मुद्दाम केला नाही. आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं.”

तंत्रज्ञ हातातला कागद खाली-वर करत उगाच आत गेला.

“माहीत आहे मला,” धाकटी म्हणाली. “तुझा फोन संध्याकाळी आला तेव्हाच ओळखलं होतं. मीही तेच केलं असतं, ताई. म्हणून तर तुझं तोंड बघवत नव्हतं.”

टेबलावरच्या ताटलीत घड्याळ, चाप आणि टाचणी होती. धाकटीने टाचणी उचलली, ताईच्या कॉलरला खोचली आणि आईच्या शेवटच्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत काय काय झालं, ते सगळं सांग म्हणाली.