पाठीखालची गोधडी

आमची लेक पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की मित्रमैत्रिणींबरोबर डोंगरात जाते. तिथे हे लोक झाडांना हॅमॉक बांधून त्यात झोपतात. मलाही एकदा घेऊन चल, म्हणून मी भुणभुण लावली. तिने जुना हॅमॉक पाठवला आणि अट घातली: थंडीत एक अख्खी रात्र घराबाहेर यात काढा, मगच नेते.

आमच्या पिंपळवंडीत घराला लागून ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून पडवीच्या दोन खांबांना हॅमॉक बांधला आणि लोखंडी जाळीला आतून कुलूप घातलं. बिबट्या मोकळा, मी पिंजऱ्यात.

थंडी वरून येते अशा समजुतीने घरातल्या चारही गोधड्या अंगावर घेतल्या. छातीला घाम आणि पाठ बर्फ. खालून वारं थेट लागत होतं. मग दोन गोधड्या अंगाखाली घेतल्या. त्या नादात दोनदा फरशीवर आलो. पण माझ्या वजनाने त्यांचा पापड झाला, ऊब काही येईना. आत जावं तर डोंगर गेला. मी पडल्या पडल्या खोकायला लागलो, बायकोला ऐकू जाईल इतपत.

ती आली. मग माझ्या अंगाखालची जाड गोधडी ओढून घेतली आणि हॅमॉकच्या खालून, बाहेरच्या बाजूने, जराशी सैल बांधली.

"पोरीची झोळी थंडीत अशीच बांधायची मी," ती म्हणाली. "खाली गोधडी नसली की रडायची. तुमी नुसतं खोकलात."

थोड्याच वेळात पाठ गरम झाली. तोंडावर ऊन येईपर्यंत घोरलो. लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ऐटीत हॅमॉकमधूनच बोललो. तिचं लक्ष मात्र खाली लोंबणाऱ्या गोधडीकडे. हे कुणी बांधलं, तिने विचारलं. बायको मागून म्हणाली, "मी."

"पप्पा, तुम्ही पास," लेक म्हणाली. "पण आमच्यात सगळ्यांच्याच पाठी गारठतात. मी आईला नेते."

गाईंची धार काढायला एक जण घरी लागतोच. पुढच्या शनिवारी मायलेकी गेल्या. हॅमॉकही नेला आणि ती जाड गोधडीही.

रात्री मी गादीवर आडवा झालो. पाठ चांगली गरम होती. तरी एकदा खोकून पाहिलं.