जावयाची गादी

मे संपता संपता, बोर्डीच्या उकाड्यात, आमचे साहेब गळ्यात लोकरीचा चौकटीचौकटींचा मफलर घालून ओटीवर बसत. स्कॉटलंडहून आणलेला. मानेवर घामोळं उठलं, पावडर थापली, पण मफलर काही उतरला नाही. साहेब म्हणजे माझा नवरा. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला, की ज्यांच्या कविता पोरांकडून घोकून घेतल्या त्यांची घरंदारं डोळ्यांनी पाहायची. २०१७ साली आम्ही दोघं जाऊन आलो.

माझं माहेर वेवजीचं. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत डाव्या हाताला गुरं, उजव्या हाताला माणसं. सासरची आणि आमची जात एकच, पण सासरी चिकूची वाडी आणि डोक्यावर स्लॅब. लग्नानंतर साहेब वेवजीला आले की अंगणात खुर्चीवर बसायचे. खुर्चीही घरची नाही, शाळेतून मागून आणलेली. चहा प्यायचा, घड्याळ बघायचं आणि संध्याकाळची बस पकडायची. आत पाऊल नाही. दाराला डोकं आपटतं, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, शेणाच्या वासाने शिंका येतात. कारणांचा साठा मोठा होता, आणि प्रत्येक कारण दर वेळी नवंकोरं असल्यासारखं ते सांगायचे.

आई मात्र जावई येणार म्हटलं की आदल्या दिवशी चुलीपासून अंगणापर्यंत घर सारवून काढायची. आमच्या पहिल्या दिवाळीला तिने तलासरीहून कापसाची गादी भरून आणली. जावई रात्री राहतील, त्यांना चटईची सवय नसेल. गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर गेली. दर दिवाळीआधी आई ती खाली काढायची, उन्हात टाकायची, काठीने झोडायची आणि पुन्हा वर ठेवायची. सव्वीस वर्षं तिने हे केलं.

आम्ही स्कॉटलंडला जाणार त्याच वर्षी भावाला घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडून पावसाच्या आत नवं जोतं भरायचं होतं. आई स्वतः बोर्डीला आली. ओटीवर टेकली आणि मला म्हणाली, "पाडायच्या आधी जावयांना एक रात रहाया सांग. एकच. मग पाडू दे काय ते." साहेब आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "आई, नेमकं तेव्हाच आमचं विमान आहे हो." विमानाला तीन आठवडे होते. तीन आठवड्यांत एकवीस रात्री असतात, हे माझ्या दुसरीच्या वर्गातली पोरंही सांगतील. पण साहेबांना गरम कपडे घ्यायचे होते. आई "बरं बरं" म्हणाली आणि पिशवीतल्या वालाच्या शेंगा काढून देऊन निघून गेली.

मला राग आला होता. तो मी गिळला आणि बॅग भरायला घेतली.

एडिंबऱ्यात एका लेखकाचं स्मारक आहे, उंच, दगडी, काळवंडलेलं. आत गोल गोल अरुंद जिना. ज्या माणसाला माझ्या आईच्या ओट्यावर मांडी घालता येत नव्हती, तो माणूस हा जिना चढून वर गेला आणि वरून हात हलवून मला बोलावू लागला. गुडघे बहुधा बोर्डीलाच राहिले होते. मग कबरी झाल्या, पुतळे झाले. प्रत्येक पुतळ्यापुढे साहेब अशा चेहऱ्याने उभे राहायचे, जणू तो मेलेला माणूस त्यांचा चुलता लागत होता.

आणि मग ते घर आलं. एका कवीचं जन्मघर. पांढरा चुना दिलेल्या मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, दार बुटकं. तिकीट काढून, रांग लावून लोक आत जात होते. साहेब कमरेत वाकले आणि आत शिरले. डोकं आपटलं नाही. आत एकाच छपराखाली माणसांची खोली आणि गुरांची जागा. गुरं नव्हती, शेण नव्हतं, वास नव्हता. गोठा असा की रुमाल घालून जेवायला बसावं. कवी जन्मला तो भिंतीच्या कोनाड्यात बसवलेला पलंग पाहून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय साधेपणा!" ते म्हणाले.

मी म्हटलं, "वेवजीसारखंच आहे, नाही?"

"कशाची तुलना कशाशी करतेस!"

दुरून डोंगर साजरे, हे मी पोरांना दर वर्षी फळ्यावर लिहून देते. इथे डोंगर काय, गोठासुद्धा साजरा झाला होता. माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. लिंपलेल्या भिंतीवर बायकांच्या बोटांच्या रेघा असतात, त्या आहेत का ते बघायला. तिथली देखरेखीची बाई हसून म्हणाली, हात लावू नका. साहेबांचे कान लाल झाले. आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत त्यांनी तिची माफी मागितली, "माझी बायको खेड्यातली आहे." मी मुकाट्याने त्यांच्या मागून बाहेर आले. एवढंच मला येतं.

परत आलो तेव्हा वेवजीला घर नव्हतं. चार खुणेचे खुंटे आणि प्लॅस्टिकच्या छपराखाली आई.

रविवारी साहेबांनी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून फोटो दाखवायला पाच-सहा निवृत्त मास्तर जमवले. त्याच दुपारी भाऊ आईला घेऊन आला. टेम्पोतून त्याने गादी उतरवली. "भावजींची हाय. तिकडे भिजली असती." साहेबांनी मफलर सावरला आणि गादी कोपऱ्यात ठेवायला सांगितली. आई भिंतीला टेकून खाली बसली.

किल्ले गेले, पुतळे गेले आणि ते घर आलं. आई पुढे सरकली.

"हे कोनाचं घर?"

"मोठ्या कवीचं, आई."

"गुरं पन आतच?"

"हो, तेव्हा तशीच पद्धत होती."

"दार बुटकं हाय."

"वाकूनच जावं लागतं!" साहेब कौतुकाने मास्तरांकडे बघत म्हणाले.

"मग तुमी वाकून आत गेले?"

आता कुठे साहेबांच्या लक्षात आलं. "हो... म्हणजे, सगळेच जात होते."

"चांगलं केलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो तिला कधी जमलाच नाही. "घरच्या मानसांना बरं वाटलं असंल."

साहेबांनी रिमोट दाबला आणि पुढचा किल्ला आणला. मला त्या माणसाची किळस आली. पण मी तरी कोण लागून गेले? शिक्षिका झाल्यापासून मलाही तिथे बाथरूम नाही म्हणून रात्री राहायला नको वाटायचं. संध्याकाळच्या त्या बसमध्ये साहेबांच्या शेजारची सीट दर वेळी माझीच असायची. सव्वीस वर्षांत एकही रात्र मीही त्या घरात काढली नव्हती, आणि आईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मी उठले, गादीची सुतळी सोडली आणि मास्तरांच्या पायांशीच ती पसरली. आईला म्हटलं, "ये, हिच्यावर बस."

आई बसेना. म्हणाली, "नको गं, जावयांची हाय."