समन्वयक बाईंनी दाखवलेला माणूस

इंदापूरच्या एसटी स्थानकावर मी रोज संध्याकाळी बारामतीच्या गाडीची वाट पाहतो. बेघर निवाऱ्याच्या समन्वयक बाई तेथे भेटत. त्या कधी बसत नसत; माझ्याशी बोलतानाही त्यांची नजर फलाटावरची अंथरुणे शोधत असे. नगरपालिकेचे अनुदान थांबल्याने निवारा राहणार असला, तरी त्यांचे पद संपणार होते. शेवटच्या संध्याकाळी त्या एका म्हाताऱ्याला उठवत होत्या.

"आबा, चला. तितं खाट हाय, जेवान हाय."

"आन् तू गेल्यावर मला हाकललं, तर कुणाला सांगू?"

बाईंनी फलाटावर नजर फिरवली. मग मला न विचारताच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या सरांना. सर रोज हितंच असत्यात."

आबांनी माझा चेहरा नीट निरखला आणि मगच बोचके उचलले. मला नाही म्हणता आले नाही.

बाई आता येत नाहीत. फलाटावर शिरताच, आबा परत आलेले नाहीत ना, एवढेच मी आधी पाहतो.